इंजिन बदललं, परत बदललं : खानापूर तालुक्यातल्या एका जीपचं प्रकरण

बेळगावच्या उद्यमबागेत माझं लहानसं मशीन शॉप आहे. या प्रकरणातली अडॅप्टर प्लेट, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी मधली प्लेट, मी केली, आणि पहिली प्लेट चुकवलीही मीच. त्यामुळे हे सगळं जवळून बघितलेलं आहे. माणसांची नावं, गावाचं नाव आणि गाडीचा नंबर मुद्दाम दिलेला नाही. जीपच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात, इथेही तसंच म्हणतो.

पार्श्वभूमी

अण्णांची शेती जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या बाजूला. भात, काजू, थोडा ऊस. डांबरी रस्ता संपला की शेवटचे चार किलोमीटर लाल मातीचे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे ट्रॅक्टर आणि फोर बाय फोर सोडून काही चढत नाही. मलप्रभा जिथे उगम पावते तो हा भाग, पावसाबद्दल वेगळं सांगायला नको.

जीप १९९१ ची, महिंद्रा एमएम ५४०. अण्णांनी ती चंदगडकडच्या एका पाहुण्याकडून घेतली होती, म्हणून पासिंग एमएच ०९, कोल्हापूरचं. सीमेवर ही नेहमीचीच गोष्ट. सोयरीक तिकडे, सातबारा इकडे, आणि गाडी दोन्हीकडे. पण दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. अण्णांनी तो घेतलाच नव्हता. शिवाय पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करायचं नोंदणीचं नूतनीकरण २०२१ मध्ये चुकलं होतं. कोरोनात कोण जाणार होतं आर.टी.ओ.त?

गाडीत मूळ प्युजो डिझेल इंजिन होतं, एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी. चांगलं इंजिन. जुन्या विलीज घराण्यातल्या जीपच्या मानाने हलकं फिरणारं, मिनिटाला ४५०० फेऱ्यांपर्यंत जाणारं. थंडीत सकाळी ग्लो प्लग तापल्याशिवाय उठत नाही, एवढीच त्याची तक्रार.

अडचण

२०२२ च्या दिवाळीनंतर कणकुंबीचा चढ घेताना गाडी उकळायला लागली. आधी महिन्यातून एकदा, मग दर फेरीला. रेडिएटरमध्ये पाणी टाकायचं, अर्धा तास थांबायचं, पुढे जायचं. जानेवारीत एक दिवस मागून पांढरा धूर आला आणि डिपस्टिकवर चहाच्या दुधासारखं तेल दिसलं. पाणी तेलात उतरलं होतं.

गावातल्या मेस्त्रींनी डिपस्टिक बघून सांगितलं, "अण्णा, इंजिनचा विषय संपला की. आता दुसरं बघूया."

इथेच पहिला निर्णय झाला, आणि तो निर्णय आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. "गाडी का तापते" हा प्रश्न "कुठलं इंजिन बसवायचं" असा झाला. गाडी तापणं हे लक्षण होतं. त्याचं कारण शोधायच्या आधीच आम्ही औषध ठरवून मोकळे झालो. मीही त्यात होतो, कारण नवीन इंजिन म्हणजे माझ्याकडे काम.

समोरचे पर्याय

अण्णांच्या ओसरीवर चार वेळा बैठक झाली, प्रत्येक वेळी कुंदा आणि चहासकट.

मूळ इंजिन उघडून दुरुस्त करायचं, हा पहिला पर्याय. मेस्त्री नको म्हणाले. प्युजोचे लायनर-पिस्टन मिळतात, पण आज इकडे विचारा, उद्या हुबळीला विचारा, परवा कोल्हापूरला, असं करत बसावं लागतं. पावसाळ्याच्या आत गाडी हवी होती.

दुसरा पर्याय बोलेरोचं जुनं डीआय टर्बो इंजिन, २५२३ सीसी. मेस्त्रींचा जीव त्याच्यावर. कारणही खरं होतं. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) १०१.६, म्हणजे सरळ साडेतीन इंच आणि चार इंच. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनांचीच ही मापं. महिंद्राने त्यांच्याबरोबर ट्रॅक्टर करायला सुरुवात केली ती १९६३ ला, आणि त्यातला बी-२७५ आमच्या भागात कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यापुढे अजून उभा असतो. मेस्त्रींचे हात त्यावरच तयार झालेले. "डोळे झाकून उघडतो, डोळे झाकून बसवतो," म्हणाले. पार्टही खानापुरातच मिळणार.

तिसरा पर्याय अण्णांच्या भाच्याचा : थारमधलं कॉमन रेल इंजिन. त्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवले. पण त्या इंजिनाबरोबर त्याचा कॉम्प्युटर, पूर्ण वायरिंग, चावीचं इमोबिलायझर आणि पॅडलचा सेन्सरही आणावा लागतो. जुलैच्या पावसात रानात एक कनेक्टर भिजला तर स्कॅनर घेऊन कोण येणार? तो विषय दहा मिनिटांत संपला.

कुणीतरी म्हणालं, विंटेज नोंदणी करून टाका. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्याला गाडी पन्नास वर्षांची लागते, मूळ रूपात लागते, आणि तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. १९९१ ची जीप २०४१ ला बसेल त्यात.

डीआय ठरलं. एका एजंटला विचारलं, तो म्हणाला, "आधी बसवा, कागदाचं नंतर बघता येतंय." हा दुसरा निर्णय, आणि सगळ्यात महाग.

काय केलं

भंगार बाजारात पहिलं इंजिन बघितलं तेव्हा त्याच्या ब्लॉकवर नंबर असतो त्या जागेवर ग्राइंडर फिरवलेला होता. स्क्रॅपवाला म्हणाला, "गंज काढलाय." अण्णांनी दिलेले दोन हजार आगाऊ सोडून दिले आणि उठले. या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय कुठला असं विचारलं तर मी हाच सांगेन. दुसरं इंजिन थोडं महाग पडलं, पण त्याला पक्कं बिल होतं आणि ज्या बोलेरोतून काढलं तिची नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाची प्रत होती.

मग काम माझ्याकडे आलं. जीपचा गिअरबॉक्स आणि त्याच्या मागची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) तीच ठेवायची होती. या जीपमध्ये मागचा प्रोपेलर शाफ्ट मधोमध नसतो, एका अंगाला असतो, आणि मागच्या डिफरन्शियलचा गोळाही त्याच अंगाला. बोलेरोचा गिअरबॉक्स लावायचा तर ही सगळी रांग मोडते. म्हणून इंजिन आणि जुन्या बेल हाऊसिंगच्या (गिअरबॉक्सच्या तोंडावरचं, क्लच झाकणारं कवच) मध्ये एक प्लेट.

पहिली प्लेट मी पुठ्ठ्यावर भोकांचा ठसा घेऊन केली. दोन्ही बाजूला पुठ्ठा दाबला, खडूने घासला, भोकं उमटली, त्यावरून ड्रिलिंग. भोकं बरोबर जुळली, बोल्ट हाताने आत गेले, मी खूश. गाडी सुरू केली तर क्लच सोडताना थरथर, आणि गिअरबॉक्सच्या तोंडाच्या बेअरिंगमधून बारीक किणकिण.

भोकं जुळणं आणि मध्य जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी मुलांना शिकवतो आणि स्वतः विसरलो. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्रँकच्या बरोबर मध्यात हवा. इंजिन परत उतरवलं, फ्लायव्हीलवर डायल गेज बसवलं, काटा बेल हाऊसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेला टेकवला आणि क्रँक हाताने एक फेरी फिरवला. काटा साठ घरं हलला. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे ०.६० मिलिमीटर. एरवी ही हालचाल ०.१ च्या आसपास असली तर मी सोडतो. दुसरी प्लेट मशीनवर, जागा पक्की धरणाऱ्या डाउएल पिनसकट केली, काटा नऊ घरांवर आला. दुसऱ्या प्लेटचे पैसे मी घेतले नाहीत. घेणार तरी कुठल्या तोंडाने?

बाकीचं काम मेस्त्रींचं. इंजिनचे माऊंटिंग नवीन वेल्डिंग केले, समोरचा अॅक्सल हलताना ऑइल चेंबरला लागत होता म्हणून चेंबर कापून उथळ केला, सायलेन्सरचा पाइप फिरवला. डीआयच्या अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्युम पंप असतो, त्यावर ब्रेकला बूस्टर जोडला. अण्णांच्या गुडघ्याला या बूस्टरचा जेवढा फायदा झाला तेवढा इंजिनचा झाला नाही. नवं इंजिन जड असल्याने पुढचे स्प्रिंगचे पाटे इंचभर बसले, एक पान वाढवलं.

एप्रिलमध्ये गाडी रस्त्यावर आली, आणि दोन गोष्टी एकाच दिवशी कळल्या.

पहिली. जांबोटी ते बेळगाव रस्त्यावर गाडी साठला आरामात, सत्तरला ओरडायला लागली, आणि ऐंशी झालीच नाही. अण्णांनी फोन केला, "दादा, इंजिन मोठं घातलं आणि गाडी हळू कशी काय?"

मी शेडमध्ये गाडी घेतली. मागच्या टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने एकेक रेघ मारली. भाच्याला गाडी सरळ हळूहळू ढकलायला लावली आणि मी खाली आडवा पडून शाफ्टच्या फेऱ्या मोजल्या. टायरची एक फेरी झाली तेव्हा शाफ्टच्या पाच पूर्ण होऊन रेघ तिसऱ्या हिश्शाच्या थोडी पुढे गेली होती. म्हणजे ४३ दात आणि ८ दात, ५.३८ चा क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधली दातेरी जोडी). त्याच वेळी टायर एका फेरीत जमिनीवर किती जातो तेही टेपने मोजलं, दोन मीटर वीस सेंटीमीटर.

पुढचा हिशेब चहाच्या बिलाच्या मागे मावला. टॉप गिअरला शाफ्ट इंजिनएवढाच फिरतो. डीआय आपली पूर्ण ताकद ३२०० फेऱ्यांना देतं. ३२०० ला ५.३८ ने भागा, २.२ ने गुणा, तासाला फिरवा : साधारण ७८ किलोमीटर. प्युजो ४५०० पर्यंत जायचं, त्याचा हिशेब ११० येतो. दोन्ही इंजिनांची अश्वशक्ती जवळजवळ सारखीच, बासष्ट-त्रेसष्ट. पण एक ती पळून देतं, दुसरं दम धरून. मागचे दात पळणाऱ्या इंजिनासाठी कापलेले होते.

हा हिशेब फेब्रुवारीत करायला मला पाच मिनिटं लागली असती. कुणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

उपाय होता. ४.२७ चा क्राऊन-पिनियन घातला तर तीच ३२०० ची मर्यादा ९९ वर जाते. पण फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा दोन्ही एकसारखेच बदलावे लागतात. एकच बदलला आणि चारही चाकं जोडली तर पुढची-मागची एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस मोडते. म्हणजे दोन सेट, दोनदा सेटिंग. अण्णा म्हणाले, थोडं थांबूया. नशीब.

दुसरी गोष्ट : कणकुंबीच्या चढाला नवीन इंजिनही उकळलं.

तेव्हा कुठे रेडिएटरकडे लक्ष गेलं. पैसे वाचवायला जुनाच ठेवला होता. खालचा पाइप सोडला, वरून एक बादली पाणी ओतलं आणि घड्याळ बघत बसलो. रेडिएटर मोकळा असेल तर ओतलेलं पाणी धो धो खाली यायला पाहिजे. इथे वर तोंडापर्यंत भरून थांबलं आणि खालून करंगळीएवढी धार. रेडिएटरवाल्याने वरची टाकी डाग काढून उघडली. निम्म्याहून जास्त नळ्या पांढऱ्या क्षाराने गच्च. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं खारं पाणी ओतलं होतं. वर पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं कधीतरी काढून टाकलेलं, त्यामुळे हळू चढताना पंखा रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूचीच घुसळत होता.

मेस्त्री बराच वेळ त्या नळ्यांकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "म्हणजे जुन्याचा दोष नव्हताच की काय?"

नळ्यांतून सळ्या घालून रॉडिंग केलं, कडं नवीन बनवलं. गाडी तापायची थांबली.

कागद

मे महिन्यात कागदाची वेळ आली. कोल्हापूरकडची एन.ओ.सी. फॉर्म २८ वर मिळाली, मग कर्नाटकात नवीन नंबर आणि नूतनीकरण एकदमच. कार्यालयातले अर्ज कन्नडमध्ये. अण्णांचं शिक्षण मराठी शाळेतलं, भाच्याने कन्नड माध्यमात शिकलेलं आज कामाला आलं.

निरीक्षकांनी बॉनेट उघडलं, इंजिन नंबर बघितला, आर.सी. बघितली. माणूस सभ्य होता. कन्नडमध्ये जे बोलले ते भाच्याने असं सांगितलं : "इंजिन नंबर बदललाय, त्याला कागद आहे, ते करता येईल. पण पुस्तकात २११२ आहे आणि इथे २५२३ आहे. ते कसं करू?"

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ साधा आहे. उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी आर.सी.तला तपशील जुळेनासा होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. त्याच प्रकारचं इंजिन परवानगी घेऊन बदलता येतं. सी.एन.जी. किंवा बॅटरीसाठी मान्यताप्राप्त किट बसवायची वेगळी तरतूद आहे. पण कंपनी तीच, डिझेल तेच, म्हणून वेगळ्या सी.सी.चं इंजिन आपोआप चालतं असं नाही. एजंटने सुचवलं, इंजिन प्लेटवरच्या आकड्यांचं काहीतरी करू. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आता तीन वाटा होत्या. गाडी कायमची शेतात ठेवायची, रस्त्यावर आणायचीच नाही. किंवा तशीच चालवायची, आणि अपघात झाला तर विमा कंपनी आर.सी. आणि इंजिन समोरासमोर ठेवेल त्या दिवसाची वाट बघायची. किंवा जुनं इंजिन परत बसवायचं.

गाडी त्या पावसाळ्यात शेतातच राहिली. आणि खरं सांगायचं तर रानात ती कधी नव्हे एवढी चांगली चालली. खालच्या फेऱ्यांना जोर, मागे ५.३८ चे दात, लो गिअरला टाकून पाय सोडला तरी काजूच्या चढावर चालत्या बैलासारखी जायची. रस्त्यावर जे इंजिन आम्हाला चुकलं असं वाटलं, ते चार किलोमीटरच्या लाल मातीसाठी अगदी बरोबर होतं. अण्णांना दोन्ही हवं होतं, चिखल आणि गोव्याचा रस्ता. जीपचा वापर नेमका कुठे किती, हे त्या चार बैठकांत कुणी विचारलंच नव्हतं.

सप्टेंबरमध्ये प्युजो उघडलं. हेड किंचित वाकलेलं, गॅसकेट दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरांच्या मधल्या जागी जळलेलं. ब्लॉक शाबूत. हेड घासून सपाट केलं, लायनर-पिस्टन, बेअरिंग, ग्लो प्लग नवीन, पंप आणि नोझल कॅलिब्रेशन. लायनरसाठी खरंच तीन गावं फिरावी लागली, मेस्त्रींचं ते म्हणणं खोटं नव्हतं. पण सगळं मिळून अठरा दिवस लागले, आणि खर्च डीआयच्या एकूण खर्चाच्या निम्म्याहून कमी.

निकाल

नोव्हेंबर २०२३ मध्ये गाडी मूळ इंजिनावर पास झाली. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार झालेली, तेवढी भरली. नंबर आता के.ए. २२. कणकुंबीचा चढ एका दमात जाते, तापमानाचा काटा मधल्या घरातून हलत नाही. प्युजोला जुळेल असा व्हॅक्युम पंपवाला अल्टरनेटर ब्रॅकेट करून बसवला, त्यामुळे ब्रेकचा बूस्टर राहिला. रेडिएटर, कडं, नवीन वायरिंग राहिलं. क्राऊन-पिनियन बदलायला आम्ही थांबलो होतो, म्हणून ५.३८ परत जागेवर आणायचा खर्च वाचला.

वेगळं काय करता आलं असतं

रेडिएटरची ती बादली जानेवारीतच ओतायला हवी होती. तेल पांढरं झालं होतं, म्हणजे हेड उघडावं लागणारच होतं. पण हेड उघडणं आणि इंजिन फेकणं यात फरक आहे, आणि तो फरक बादलीभर पाण्यात कळला असता.

खडूची रेघ इंजिन विकत घ्यायच्या आधी मारायची. इंजिन कितीला दमतं आणि मागे दात किती, हे दोन आकडे माहीत नसताना मी आता अडॅप्टर प्लेटची ऑर्डर घेत नाही. दोन गिऱ्हाइकं त्यामुळे परत गेली. एकजण तर रागावून गेला.

आर.टी.ओ.त लेखी अर्ज करून आधी विचारता आलं असतं. मेस्त्री अजून यावर नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, आधी विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि मग एवढं चांगलं इंजिन बसवायला मिळालंच नसतं. त्याला मी काय बोलणार?

डीआय इंजिन विकायचा प्रयत्न केला, भाव आला नाही. अण्णांच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ आहे. तिथे ते सिमेंटच्या चौथऱ्यावर बोल्ट केलंय, पट्ट्याने चरक फिरवतं. माझी दुसरी प्लेट अजून त्याच्या मागे आहे, तिच्यावर पुली बसवलीय. गेल्या हंगामात रस प्यायला गेलो तेव्हा मेस्त्री इंजिनजवळच बसले होते. म्हणाले, "बघा दादा, आवाज कसा यायलाय."